सापांचें भेंडोळें

मोटारगाडीच्या अवयवांतही मानाचे आणि कमी मानाचे असे भेद मानले जातात. गाडी विकत घेणारा गृहस्थ तिचा रंग निरखतो, चाकें चाचपतो, गादीवर बसून पाहतो, आणि कांहीं कळत असो वा नसो, टप उघडून एंजिनावरही एक दृष्टि टाकतो. परंतु जळलेला वायु बाहेर नेणारी जी नळी गाडीच्या पोटाखालीं चिखलांत आणि धुळींत पडून असते, तिच्याकडे वांकून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. तिचें स्थान घरांतील मोरीसारखें. तुंबली म्हणजेच तिची आठवण व्हावयाची. असें असूनही शर्यतीच्या मोटारींच्या इतिहासांत एक काळ असा होऊन गेला कीं, त्या काळांत मोठमोठे एंजिनतज्ज्ञ याच उपेक्षित नळीपुढें डोकें धरून बसले होते, आणि तिला डावीकडे वळवावी कीं उजवीकडे, या वरकरणीं क्षुल्लक प्रश्नावर जगज्जेतेपदाचीं गणितें मांडलीं जात होतीं.

१९६९ सालच्या जून महिन्याच्या १४ व १५ तारखांस फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत झाली. जॅकी इक्स हा बेल्जियन आणि जॅकी ऑलिव्हर हा इंग्रज, असे दोघे आळीपाळीनें जी गाडी हांकीत होते, ती फोर्ड कंपनीची जीटी ४०, म्हणजे पांच वर्षांपूर्वींच्या नमुन्याची, शर्यतीच्या हिशेबानें वयोवृद्धच. जवळजवळ ५,००० किलोमीटर धांवून शर्यत संपली, तेव्हां ती आणि दुसरी आलेली पोर्शे ९०८ यांच्यामध्यें उरलेलें अंतर सुमारें १२० मीटर होतें. हीच गाडी आदल्या वर्षीं पेद्रो रॉद्रिगेझ व ल्युसियें बियांची यांनीं हांकून पहिली आणली होती. त्या गाडीचें मागचें झांकण उचललें म्हणजे पाहणाराची नजर प्रथम एका चमत्कारिक वस्तूवर खिळे. एंजिनाच्या दोन्ही बाजूंनीं निघालेल्या आठ नळ्या एकमेकींना ओलांडीत, वळसे घेत, एकमेकींखालून जात, मागें दोन जाड नळ्यांत मिळालेल्या दिसत. यंत्रशाळेंतील लोकांनीं तिला नांवही साजेसें दिलें होतें: सापांचें भेंडोळें.

कोणाही सरळ बुद्धीच्या मनुष्यास येथें प्रश्न पडावा. आठांपैकीं चार सिलिंडर डावीकडे आहेत, चार उजवीकडे आहेत. डावीकडच्या चार नळ्या डावीकडे एकत्र कराव्या, उजवीकडच्या उजवीकडे, आणि मोकळें व्हावें. ज्या गाडींत एकेक शेर वजन वांचविण्यासाठीं रात्री जागविल्या जातात, तींत या नळ्यांना पलीकडच्या बाजूस जाण्याची ही यातायात कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर नळींत नाहीं. तें एंजिनाच्या पोटांत आहे, आणि तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

मोटारीच्या एंजिनांत प्रत्येक सिलिंडराचें काम चार टप्प्यांत पुरें होतें. हवा व पेट्रोल आंत घेणें, तें मिश्रण दाबणें, ठिणगी पडून त्याचा स्फोट होणें, आणि जळलेला वायु बाहेर ढकलणें. एवढ्या अवधींत क्रँकचे, म्हणजे दट्ट्यांच्या खालीं फिरणाऱ्या त्या वांकड्या दांड्याचे, दोन फेरे होतात. दोन फेरे म्हणजे ७२० अंश. सिलिंडर आठ असले तर दर ९० अंशांस एक स्फोट व्हावयास पाहिजे. आठ सिलिंडर एकामागें एक मांडले तर एंजिन फार लांब होतें. म्हणून चार चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणें एकमेकींकडे झुकवून एकाच क्रँकवर बसविण्याची युक्ति निघाली. लेऑं लव्हाव्हासर या फ्रेंच कल्पकानें १९०२ सालीं अशा एंजिनाचा हक्क नोंदविला. त्यानें बनविलेलीं आंत्वानेत नांवाचीं एंजिनें आधीं वेगवान होड्यांत व मग विमानांत बसविलीं गेलीं. १९०६ सालीं सांतोस-द्युमों यानें पॅरिसमध्यें जें विमान उडवून दाखविलें, त्यांत हेंच एंजिन होतें. पुढें १९१४ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें व्ही-८ एंजिनाची मोटार मोठ्या प्रमाणावर बाजारांत आणली.

या पहिल्या एंजिनांतील क्रँक सपाट असे. त्याच्या चार कोपरांपैकीं दोन एका दिशेस व दोन नेमकीं उलट दिशेस असत, त्यामुळें तो टेबलावर आडवा ठेवतां येई. अशा एंजिनांत स्फोट उजवा-डावा, उजवा-डावा असे सैनिकांच्या पावलांप्रमाणें नियमानें पडत. परंतु त्यांत एक खोड होती. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यांत दोनदां एंजिनास आडवा हिसका बसे, आणि विशिष्ट वेगास गाडी आंतील मंडळींसकट थरथरूं लागे. किंमत मोजून गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकास हें कसें रुचावें? १९२३ सालीं कॅडिलॅकच्या तज्ज्ञांनीं क्रँकचीं चार कोपरें चार दिशांस वळविलीं. टोकाकडून पाहिलें तर तो बेरजेच्या चिन्हासारखा दिसूं लागला. त्याला योग्य जागीं प्रतिभार जोडतांच ती थरथर जवळजवळ नाहींशी झाली. पुढें १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें स्वस्त व्ही-८ गाडी काढली, तिच्यांतही हाच क्रँक होता. अमेरिकन व्ही-८ म्हणजे फुलीचा क्रँक, हें समीकरण तेथून रूढ झालें.

थरथर गेली, पण तिची किंमत दुसरीकडे चुकती करावी लागली. क्रँक फुलीचा झाला म्हणजे स्फोटांचा क्रम उजवा-डावा असा सरळ राहत नाहीं. फोर्डच्या ज्या एंजिनाशीं या कथेचा संबंध आहे, त्यांत तो क्रम उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा असा आहे. श्रोत्यांनीं हे बोल मांडीवर दोन हातांनीं वाजवून पाहावे. दोन्ही हात मिळून लय अगदीं बरोबर पडते. प्रत्येक मात्रेस एक थाप आहेच. पण एकटा उजवा हात ऐकला तर तो लंगडतो. त्याच्या थापांमधील अंतर कधीं दोन मात्रांचें, कधीं एकीचें, कधीं तिनांचें. अंशांत सांगावयाचें तर १८०, ९०, १८० आणि २७०. डाव्या हाताचीही तीच अवस्था. अमेरिकन गाड्यांचा जो खर्जांतील गुरगुराट अनेकांस प्रिय आहे, तो या लंगड्या तालाचाच नाद होय.

प्रवासी गाडींत याचें कांहीं बिघडत नाहीं. शर्यतींत मात्र बिघडतें, आणि कां बिघडतें तें मोठें मनोरंजक आहे. सिलिंडराची झडप उघडतांच जळलेला वायु नळींत नुसता वाहत नाहीं. त्याच्या दाबाची एक लाट नळींतून धांवत सुटते. तापलेल्या वायूंत तिचा वेग सेकंदास ५००-६०० मीटर इतका असतो. ज्या ठिकाणीं नळी एकदम रुंद होते किंवा दुसऱ्या नळ्यांस मिळते, तेथून ती लाट परत फिरते. परंतु फिरतांना तिचा स्वभाव पालटतो. गेली ती ढकलणारी लाट, आली ती ओढणारी लाट. झडप मिटण्याच्या बेतांत असतां ही ओढणारी लाट परत पोहोंचली, तर सिलिंडरांत रेंगाळणारा शेवटचा धूर ती खेंचून नेते आणि त्याच्या जागीं ताजी हवा आंत येण्यास मदत करते. एंजिनास फुकट मिळालेला हा श्वासच म्हणावयाचा.

आतां एकाच बाजूच्या चार नळ्या एकत्र जोडल्या अशी कल्पना करावी. एंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असतां १८० अंशांस एक द्विशतांश सेकंद लागतो व ९० अंशांस त्याच्याही निम्मा. ज्या दोन सिलिंडरांचे स्फोट केवळ ९० अंशांच्या अंतरानें होतात, त्यांतील पहिल्याची झडप अद्याप सताड उघडी असतांनाच दुसऱ्याचा जोरदार उच्छ्वास त्याच नळींत येऊन थडकतो. एक जण दारांतून बाहेर पडत असतां दुसऱ्यानें त्याच दारांत मुसंडी मारावी, तशी ही गत. एका सिलिंडराचा श्वास कोंडतो, तर २७० अंशांच्या रिकाम्या जागेंत दुसऱ्यास कोणाचीच मदत मिळत नाहीं. आठ सिलिंडरांनीं सारखें काम करावें ही अपेक्षा तेथेंच फसते.

यावरचा उपाय कागदावर सोपा आहे. बाजू पाहूं नये, क्रम पाहावा. आठ स्फोटांपैकीं एकाआड एक असे चार निवडले तर त्यांच्यांत नेमकें १८० अंशांचें अंतर राहतें. फोर्डच्या त्या एंजिनांत उजव्या रांगेंतील टोकाचे दोन व डाव्या रांगेंतील मधले दोन सिलिंडर मिळून एक चौकडी होते. उजवीकडचे मधले दोन व डावीकडचे टोकाचे दोन मिळून दुसरी. एका चौकडीच्या चार नळ्या एका ठिकाणीं मिळवाव्या, दुसरीच्या दुसऱ्या ठिकाणीं. म्हणजे प्रत्येक संगमावर उच्छ्वास समान अंतरानें येऊं लागतात. परंतु कागदावरची ही सोपी गोष्ट लोखंडांत उतरवावयाची म्हणजे चार नळ्यांना एंजिन ओलांडून पलीकडे जावें लागतें, आणि आठही नळ्यांची लांबी शक्य तों सारखी ठेवावी लागते. जवळच्या नळीला मुद्दाम वळसे द्यावयाचे, लांबच्या नळीला आडवाटेनें न्यावयाचें. भेंडोळें जन्मास येतें तें असें.

या उपायाची खरी कसोटी इंग्लंडांत लागली. १९६१ सालीं ग्रां प्री शर्यतींसाठीं एंजिनाची मर्यादा दीड लिटरवर आणण्यांत आली. कॉव्हेन्ट्री क्लायमॅक्स ही कंपनी आग विझविण्याच्या पंपांचीं एंजिनें बनविण्याबद्दल नांवाजलेली होती. वॉल्टर हॅसन यांच्या नेतृत्वाखालीं तिनें दीड लिटरचें एक चिमुकलें व्ही-८ तयार केलें. त्याच वर्षीं जर्मन ग्रां प्रीमध्यें जॅक ब्रॅबमच्या कूपर गाडींत तें प्रथम धांवलें. त्यांत क्रँक फुलीचा होता, आणि म्हणून मागच्या बाजूस ओलांडणाऱ्या नळ्यांचें जाळेंही होतें. १९६२ सालीं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस २५ या अत्यंत सडपातळ गाडींत हें एंजिन बसलें, तेव्हां ते पाईप एखाद्या नाजूक मुलीच्या पाठीवर लाकडाची मोळी द्यावी तसे दिसत.

प्रतिस्पर्धी बीआरएम कंपनीनें त्याच वर्षीं निराळा मार्ग धरला. तिच्या व्ही-८ एंजिनाच्या आठ नळ्या एकत्र मिळतच नव्हत्या. प्रत्येक सिलिंडराची नळी स्वतंत्रपणें आकाशाकडे तोंड करून उभी असे. कोणाचा श्वास कोणास अडत नव्हता, परंतु कोणाची कोणास मदतही नव्हती. शिवाय कंपनानें त्या उभ्या नळ्या ढिल्या होऊन वाटेंत गळून पडत. कंपनीनें लौकरच तो मार्ग सोडून नळ्या खालून नेल्या. मोसमाच्या शेवटच्या, दक्षिण आफ्रिकेंतील शर्यतींत जिम क्लार्कची लोटस आघाडीवर असतां एक बोल्ट निखळून तेल गळालें, गाडी बाहेर पडली, आणि त्या वर्षींचें जगज्जेतेपद बीआरएमच्या ग्रॅहॅम हिलकडे गेलें. हा पराभव नळ्यांमुळें झाला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु हॅसन आणि त्यांचे सहकारी यांनीं नळ्यांचा प्रश्न तेथेंच सोडला नाहीं, हें महत्त्वाचें.

त्यांनीं प्रश्नच उलटा केला. नळ्या वांकड्या कां? क्रँक फुलीचा म्हणून. क्रँक फुलीचा कां? थरथर नको म्हणून. पण ती थरथर दट्ट्याच्या वजनावर आणि त्याच्या धांवेच्या लांबीवर अवलंबून असते. दीड लिटरच्या एंजिनांत एकेका सिलिंडराच्या वांट्यास १९० घनसेंटिमीटरही येत नाहींत. दट्ट्या मुठींत मावेल एवढा, त्याची धांव चार बोटांची. मग ज्या रोगाची भीति मोठ्या एंजिनास, त्याचें औषध या लहानग्यास कशाला? १९६३ सालीं क्लायमॅक्स एंजिनांत पुन्हा जुन्या पद्धतीचा सपाट क्रँक आला. स्फोट उजवा-डावा पडूं लागले, आणि ओलांडणाऱ्या नळ्यांचें कारणच उरलें नाहीं. डावीकडच्या चार नळ्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे, गाडीच्या खालच्या अंगास नीट मिळाल्या. वजन कमी झालें, जागा मोकळी झाली. त्या वर्षीं क्लार्कनें दहांपैकीं सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद मिळविलें. त्या यशांत इंधनाच्या नव्या यंत्रणेचा, लोटस गाडीचा आणि क्लार्कच्या हातांचा वांटा मोठा होताच. पण वांकड्या नळ्या सरळ करण्याची किल्ली क्रँकमध्यें आहे, हें त्या वर्षीं सर्वांस दिसलें.

मग फोर्डनें तेंच कां केलें नाहीं? त्याच १९६३ सालच्या ३० मे रोजीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें क्लार्क दुसऱ्या एका लोटस गाडींतून धांवला व पार्नेली जोन्सच्या मागोमाग दुसरा आला. त्या गाडींत ४.२ लिटरचें फोर्ड एंजिन होतें, आणि त्याच्या पाठीवर ओलांडणाऱ्या नळ्यांचें भेंडोळें होतें. हें एंजिन शर्यतीसाठीं मुळापासून रचलेलें नव्हतें. फेअरलेन या साध्या कौटुंबिक गाडीच्या एंजिनावरून तें बेतलें होतें. त्याचा क्रँक, झडपा हलविणारा दांडा, ठिणगीचा क्रम, सर्व कांहीं फुलीच्या हिशेबानें जमविलेलें. शिवाय एकेक सिलिंडर क्लायमॅक्सच्या जवळजवळ तिप्पट. सपाट क्रँक घातला असता तर थरथरीनें बाकीच्या भागांची धडगत नव्हती. ज्यास पोट बदलतां येत नाहीं, त्यानें नळ्या बदलाव्या. फोर्डनें तेंच केलें.

पुढील वर्षीं, १९६४ सालीं, इंग्लंडांत स्लाव येथें जुळविलेली जीटी ४० जगापुढें आली. उंची जेमतेम चाळीस इंच, म्हणून ४० हें नांव. तिच्यांत एंजिन चालकाच्या मागें होतें, आणि येथेंच भेंडोळ्याला घर मिळालें. एंजिन पुढें असलें म्हणजे त्याच्या अवतीभवतीं सुकाणूचा दांडा, गिअरबॉक्स, चालकाचे पाय अशी गर्दी असते. एंजिन मागें असलें म्हणजे गिअरबॉक्सच्या डोक्यावर मोकळें आकाश असतें. तेथें नळ्यांनीं हवे तितके वळसे घ्यावे. याची उलट साक्षही लगेच मिळाली. कॅरोल शेल्बी यांच्या कोब्रा डेटोना गाड्यांत जीटी ४० च्याच घराण्यांतील ४.७ लिटरचें एंजिन होतें. पण तें पुढें होतें. त्यांनीं ओलांडण्याचा नाद सोडून दोन्ही बाजूंच्या नळ्या सरळ दारांखालून बाहेर काढल्या, आणि १९६५ सालीं आपल्या वर्गाचें जागतिक विजेतेपद मिळविलें. भेंडोळ्यावांचून एंजिन चालतच नाहीं असें मुळींच नव्हे. पहिल्या वर्षीं तर दैव जीटी ४० च्या उलट होतें. १९६४ च्या ल मां शर्यतींत तिन्ही गाड्या बाद झाल्या: दोन गिअरबॉक्समुळें, एक आग लागून.

भेंडोळ्याचे त्रासही लहान नव्हते. आंतील वायु सातआठशें अंशांपर्यंत तापलेला. पोलादाची एक मीटर नळी सहाशें अंशांनीं तापली म्हणजे पोलादाच्या जातीप्रमाणें सात ते दहा मिलिमीटर लांब होते. आठ नळ्या, प्रत्येकीचे वळसे निराळे, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या दिशेस ताणणार. सर्व सांधे पक्के जोडले तर कोठेंतरी चीर पडणारच. म्हणून असे सांधे एकांत एक सरकणारे करून स्प्रिंगांनीं धरून ठेवण्याची पद्धति आहे. एक ठिणगीचा प्लग बदलावयाचा तर तापलेल्या नळ्यांच्या जाळींतून हात घालावा लागे. जवळून जाणाऱ्या इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्यांना उष्णतेपासून जपावें लागे. चोवीस तासांच्या शर्यतींत ह्या गोष्टी एका क्षणाच्या नसतात. जॉन वायर या काटेकोर इंग्रज व्यवस्थापकानें १९६८ व १९६९ सालीं एकच जीटी ४० ल मांला दोनदां पहिली आणली, तेव्हां त्या भेंडोळ्यानें अठ्ठेचाळीस तास ही तापण्या-ताणण्याची शिक्षा भोगली होती.

इकडे दुसरा पक्षही स्वस्थ बसला नव्हता. फोर्डच्याच पैशानें कीथ डकवर्थ यांनीं कॉसवर्थ डीएफव्ही हें तीन लिटरचें एंजिन रचलें. तें मुळापासूनच शर्यतीचें. म्हणून त्यांनीं निःशंकपणें सपाट क्रँक निवडला. ४ जून १९६७ रोजीं हॉलंडमधील झांडव्होर्ट येथें पहिल्याच शर्यतींत क्लार्कनें तें विजयी केलें, आणि पुढील सोळा वर्षांत त्यानें १५५ ग्रां प्री शर्यती जिंकल्या. त्याच्या नळ्या पाहाव्या तर शाळेंतील मुलाच्या वहींतल्या आकृतीसारख्या: चार इकडे, चार तिकडे. थरथर मात्र होती. तिच्यासकट जगण्यास इतर भागांस शिकावें लागलें. याच एंजिनाची सौम्य केलेली आवृत्ति बसविलेल्या मिराज गाडीनें १९७५ सालची ल मां शर्यत जिंकली. ती गाडी वायर यांच्याच परंपरेंतील गल्फच्या पथकाची होती, आणि तिच्या दोन चालकांपैकीं एक होता तोच जॅकी इक्स. सहा वर्षांपूर्वीं वांकड्या नळ्या पाठीशीं घेऊन जो जिंकला, तोच आतां सरळ नळ्या घेऊन जिंकला.

हा वाद पुढेंही मिटला नाहीं. २००९ सालीं बीएमडब्ल्यू कंपनीनें टर्बो लावलेल्या आपल्या एका व्ही-८ एंजिनांत दोन रांगांच्या मधल्या दरींतूनच ओलांडणाऱ्या आंखूड नळ्या बसविल्या; क्रँक फुलीचाच ठेवला आणि टर्बोस समान अंतराचे उच्छ्वास मिळवून दिले. उलट २०१५ सालीं फोर्डनें आपल्या एका मस्टँग गाडीस ५.२ लिटरचा सपाट क्रँक देऊन थरथर पत्करली. शंभर वर्षांपूर्वींचेच हे दोन रस्ते.

एखाद्या हौशी मनुष्यास आपल्या व्ही-८ गाडीसाठीं अशी ओलांडनळी करवून घ्यावयाची असेल, तर या इतिहासांतून त्याला तीन प्रश्न मिळतात. पहिला, क्रँक कोणता? तो सपाट असेल तर ओलांडण्यासाठीं खर्च करण्याचें कारण फारसें उरत नाहीं. दुसरा, एंजिन कोठें? तें पुढें असेल तर संपूर्ण भेंडोळ्यास जागा मिळणें कठीण. तेथें दोन्ही बाजूंच्या नळ्या गाडीखालीं गेल्यावर त्यांना एका आडव्या तुकड्यानें इंग्रजी एच अक्षराप्रमाणें जोडणें, किंवा एक्स अक्षराप्रमाणें दोघींना एकमेकींत मिळवून पुन्हा वेगळें करणें, एवढाच व्यवहार्य मार्ग राहतो. एच-नळीनें दोन्ही बाजूंचा दाब कांहींसा समान होतो व आवाजांतील खडखड मऊ होते. खर्ज मात्र राहतो. एक्स-नळींत एका बाजूचा झोत दुसऱ्या बाजूस ओढ देतो. आवाज अधिक तीव्र व एकसुरी होतो. परंतु दोन्ही ठिकाणीं हें मीलन सिलिंडरांपासून दूर, चार नळ्यांचा संगम होऊन गेल्यावर घडतें. जवळच्या संगमांतील ९० अंशांची धक्काबुक्की त्यानें मिटत नाहीं. ती मिटविण्यास १८० अंशांचें भेंडोळेंच पाहिजे. तिसरा प्रश्न, गाडी कशासाठीं? भेंडोळ्याचा फायदा एंजिन वरच्या वेगांत सतत ठेवणाऱ्यास. बाजारांतून घरीं येणाऱ्यास त्यांतून आवाजाखेरीज फारसें कांहीं मिळावयाचें नाहीं, आणि उष्णता, वजन, चिरा व प्लग काढण्याची यातायात मात्र पूर्ण मिळेल.

एंजिनाच्या पोटांत जी तडजोड झालेली असते, तिचें देणें नळीला फेडावें लागतें. कॅडिलॅकच्या गिऱ्हाइकांना १९२३ सालीं जी शांतता लाभली, तिची बाकी ल मांच्या रात्रीं जीटी ४० च्या आठ नळ्या चुकवीत होत्या. डकवर्थ यांनीं ती बाकी नाकारली, आणि तिच्याऐवजीं थरथर पदरीं घेतली. यांतील एक शहाणा आणि दुसरा वेडा असें ठरवितां येत नाहीं. आपल्या एंजिनाचें देणें कोणतें, तें दोघांनींही आधीं ओळखलें होतें. यंत्रशाळेंत जाऊन नळी वांकविण्यास सांगण्यापूर्वीं तेवढें एक काम गाडीच्या मालकानेंही करून ठेवावें.